फेटलिंगमधल्या तात्यांची पेन्शन: सिलिकोसिसच्या एका दाव्याचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं नाव, गाव, कारखाना आणि काही तपशील बदलले आहेत. रकमा सोयीसाठी गोल केल्या आहेत. कामगाराला इथे तात्या म्हटलं आहे. आमच्या कामगार मदत केंद्रात ते आले तेव्हा सगळे त्यांना याच नावानं हाक मारायचे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर, सांगली, सातारा हा पट्टा ओतकामाचा. शेतीपंपापासून मोटारीच्या इंजिनापर्यंत लागणारी कास्टिंग इथल्या फौंड्र्यांमध्ये ओतली जातात. पाहुणा आला की त्याला भट्टी दाखवतात, मोल्डिंग दाखवतात. फेटलिंगच्या शेडकडे सहसा कुणी नेत नाही. साचा फोडून काढलेल्या कास्टिंगला जळकी वाळू चिकटलेली असते. रनर-रायझर, म्हणजे ओतताना कास्टिंगला जोडून राहिलेले धातूचे जादा तुकडे, हातोड्यानं तोडायचे, ग्राइंडरनं कडा घासायच्या आणि आतल्या पोकळीत अडकलेली वाळू कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची, असं हे काम. या वाळूत बहुतांश सिलिका असते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथेच राहते. तिच्याभोवती गाठी आणि व्रण तयार होतात. हाच सिलिकोसिस. ही प्रक्रिया कामगारानं काम सोडल्यावरही थांबत नाही, आणि तात्यांच्या पेन्शनच्या हिशोबात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली.

तात्यांनी बावीस वर्षं हे काम केलं, तेही तीन कारखान्यांत. पहिल्या दोन ठिकाणी रोजंदारी होती, त्यामुळे कागद शून्य. तिसऱ्या ठिकाणी आधी ठेकेदाराकडे, २०११ पासून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक, आणि २०१४ पासून कंपनीच्या हजेरीपटावर. हजेरीपटावर हुद्दा मात्र 'हेल्पर'. मजुरी कास्टिंगच्या वजनावर ठरायची. तिचा एक भाग पगारचिठ्ठीवर यायचा आणि उरलेला शनिवारी रोख हातात पडायचा. तोंडाला रुमाल बांधायचे. कंपनीनं मास्क दिले होते ते कापडी, आणि इतकी बारीक धूळ कापडानं अडत नाही.

अडचण

२०१८ मध्ये खोकला सुरू झाला, वजन घटलं. दवाखान्यानं एक्स-रे काढला, तर फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसले. आपल्याकडे असं चित्र दिसलं की डॉक्टरांना आधी टीबी आठवतो, आणि त्यात काही नवल नाही. सिलिकानं फुप्फुसं खराब झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते. तेव्हा टीबीचा संशय घेतला ही चूक म्हणता येणार नाही. पण थुंकीत जंतू सापडले नव्हते, आणि तरीही 'काम काय करता' हा प्रश्न कुणी विचारला नाही. सहा महिन्यांचा कोर्स झाला, फिटनेसचा दाखला मिळाला आणि तात्या पुन्हा त्याच शेडमध्ये ग्राइंडर हातात घेऊन उभे राहिले. २०२० मध्ये तेच सगळं पुन्हा झालं. पुन्हा थुंकी निगेटिव्ह, पुन्हा कोर्स, पुन्हा फेटलिंग.

२०२१ च्या अखेरीस जिना चढताना थांबावं लागायला लागलं, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीच्या ओपीडीत घेऊन गेला. तिथल्या निवासी डॉक्टर तरुण होत्या. नाडी बघताना त्यांना तात्यांच्या हातावर ग्राइंडरच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग दिसले.

"काय काम करता?"

"फौंड्रीत हाय."

"फौंड्रीत नक्की काय?"

"फेटलिंगला. ग्राइंडर मारतो, एअर मारतो."

डॉक्टरांनी जुने एक्स-रे मागितले. तात्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, तिन्ही फिल्म कपाटावर नीट जपून ठेवल्या होत्या. त्या शेजारीशेजारी लावल्यावर चित्र स्पष्ट झालं: टीबीचे दोन कोर्स पूर्ण होऊनही दोन्ही बाजूंच्या गोल बारीक गाठी दरवेळी वाढलेल्याच होत्या. सीटी स्कॅन झाला, श्वासाची तपासणी झाली. फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या साधारण ५८ टक्के भरली. केसपेपरवर त्यांनी लिहिलं: सिलिकोसिस, फौंड्रीतील फेटलिंगच्या कामाशी संबंधित. शिवाय कारखाना अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवलं. सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांपैकी आहे, पण प्रत्यक्षात असा अहवाल क्वचितच जातो. पुढचं सगळं त्या एका पानावर उभं राहिलं.

समोरचे पर्याय

तात्या केंद्रात आले तेव्हा त्यांच्या खिशात राजीनाम्याचा टाइप केलेला मसुदा होता. सही करा आणि दीड लाख घ्या, असा निरोप मुकादमामार्फत आला होता. घरात कर्ज होतं आणि मुलगा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होता. दीड लाख ही त्यांच्यासाठी मोठी रक्कम होती. पण त्या कागदात 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' असं वाक्य होतं, आणि आजाराचा उल्लेख कुठेच नव्हता.

दुसरा पर्याय गावातल्या लोकांनी सुचवला होता: सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. यात बऱ्याच जणांचे महिनोन्महिने वाया जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात फुप्फुसाचा आजार नाही. ज्याला चार पावलांत धाप लागते, तो त्या कायद्याच्या नजरेत दिव्यांग ठरत नाही. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा, पण तात्यांच्या दाव्यासाठी तो रस्ता बंद होता.

तिसरा पर्याय कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ खाली आयुक्तांकडे दावा करण्याचा. तिथे एकरकमी भरपाई मिळायची. पण कामगाराला ईएसआयचं संरक्षण असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे हा दरवाजा बंद व्हायचा. सर्वोच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये ए. ट्रेहान यांच्या खटल्यात हेच सांगितलं आहे. ठेकेदारांकडचे बरेच कामगार ईएसआयमध्येच नसतात, त्यांच्यासाठी तेव्हा १९२३ चा कायदाच उपयोगी पडायचा. तात्यांचं तसं नव्हतं.

भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही अपंगत्व पेन्शन आहे. त्यासाठी माणूस आपल्या कामासाठी कायम आणि पूर्ण अपंग असावा लागतो. आजार अजून कागदावर सिद्धच व्हायचा होता, म्हणून ती वाट नंतरसाठी ठेवली.

राहिला ईएसआयचा कायम अपंगत्व लाभ. लोक त्यालाच पेन्शन म्हणतात आणि व्यवहारात ती पेन्शनच आहे. सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के हा पूर्ण दर. कमाईची क्षमता जितके टक्के गेली, तितका त्याचा हिस्सा दरमहा मिळतो आणि तो आयुष्यभर चालू राहतो. माणूस दुसरं काम करत असला तरी तो थांबत नाही. ही शेवटची गोष्ट बहुतेक कामगारांना ठाऊक नसते. 'पेन्शन घेतली तर काम सोडावं लागेल' या भीतीनं दावाच न करणारे आम्ही पाहिले आहेत.

पहिला निर्णय: आजाराचं नाव

दावा करायचा ठरल्यावर लगेच पेच उभा राहिला. तात्या रजेवर होते. ईएसआयचा साधा आजारपण लाभ वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. टीबीसाठी मात्र विस्तारित लाभ आहे, तो ८० टक्के आणि बराच जास्त काळ. एका हितचिंतकानं सल्ला दिला, "पुन्हा टीबी लिहून घ्या, पैसे चालू राहतील, पेन्शनचं नंतर बघू."

माणुसकीच्या नजरेनं पाहिलं तर हा सल्ला चुकीचा नव्हता. घरात चूल पेटायला हवी होती. पण तिसऱ्यांदा टीबी लिहिला गेला असता तर 'हा तर जुना टीबीचा रुग्ण' एवढंच अपंगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर दिसलं असतं, आणि सिलिकोसिसचं निदान त्याखाली गाडलं गेलं असतं. शिवाय थुंकीच्या नव्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, म्हणजे तसं लिहिणं खोटंच ठरलं असतं. काकूंनी निर्णय घेतला. "खरं हाय ते लिव्हू दे," एवढंच त्या म्हणाल्या. काही महिने मुलगा सकाळी दूध घालत होता, दुपारी वर्गात बसत होता. त्या काळात घराची ओढाताण झाली ती खरोखरच वाईट होती.

राजीनाम्यावर सही केली नाही. आजारपणाच्या रजेत कामगाराला काढता येत नाही हे ईएसआय कायद्याच्या कलम ७३ चं संरक्षण कंपनीला लेखी कळवलं.

दुसरा निर्णय: धुळीचा पुरावा

व्यावसायिक रोगासाठी ईएसआयमध्ये विशेष वैद्यकीय मंडळ असतं. रोग ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला आहे का, त्यातून कायम अपंगत्व आलं का आणि किती, हे ते ठरवतं. सिलिकोसिस अनुसूचीच्या 'क' भागात आहे. या भागातल्या रोगांसाठी त्या प्रकारच्या कामात सलग ठरावीक काळ घालवल्याचं दाखवावं लागतं. हा काळ एकाहून अधिक मालकांकडचा असला तरी चालतो.

इथे कंपनीचं पत्र आडवं आलं. तात्या हेल्पर असून गेली तीन वर्षं पॅकिंगमध्ये होते, असं त्यात लिहिलं होतं. हजेरीपटावरही 'हेल्पर' होतंच. तात्यांच्या शब्दाविरुद्ध कंपनीचे कागद.

सहकाऱ्यांची शपथपत्रं घ्यायची ठरली. चौघं तयार झाले, त्यातल्या दोघांनी नंतर माघार घेतली. त्यांना दोष देता येत नाही, त्यांची नोकरी त्याच शेडमध्ये होती. मग कंपनीच्याच कागदांमागे लागलो. फौंड्री हा तेव्हाच्या कारखाना अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला धोकादायक प्रक्रियेचा उद्योग होता. कलम ४१-क (४१-सी) प्रमाणे अशा कामगारांची किमान बारा महिन्यांतून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागायची, आरोग्याच्या नोंदी ठेवाव्या लागायच्या आणि त्या कामगाराला दाखवाव्या लागायच्या. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोग्याच्या नोंदी काम सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपायला सांगितलं होतं. दोन्हींचा दाखला देऊन मागणीचं पत्र दिलं. उत्तर आलं नाही. कारखाना निरीक्षकांकडे तक्रार केली आणि डॉक्टरांच्या कलम ८९ च्या अहवालाची प्रत जोडली. त्यानंतर कागद आले.

दोन वर्षांचे वार्षिक तपासणीचे फॉर्म होते. दोन्हींवर ठराविक शेरा: तब्येत ठीक, कामास योग्य. श्वासाची तपासणी, छातीचा एक्स-रे हे रकाने रिकामे. पण वरच्या ओळीत, वेगळ्या शाईत, कुणा कारकुनानं विभागाचं नाव भरलं होतं: फेटलिंग. यातला दुसरा फॉर्म त्याच तीन वर्षांतला होता, ज्यात तात्या पॅकिंगमध्ये असल्याचं कंपनी सांगत होती. तब्येत ठीक म्हणणाऱ्या त्या कागदानंच दावा उभा केला. जोडीला ग्राइंडिंग व्हील दिल्याच्या रजिस्टरची पानं मिळाली, त्यावर महिन्यागणिक तात्यांची सही होती.

तिसरा निर्णय: पगाराचा आकडा

पेन्शन विम्याच्या नोंदीतल्या वेतनावर ठरते. नोंदीत तात्यांचं सरासरी रोजचं वेतन ४६० रुपये, हातात पडायचे सुमारे ७००. मधला फरक म्हणजे शनिवारची रोख. ७०० धरले असते तर ५० टक्के अपंगत्वाला रोजचे ३१५ रुपये झाले असते. ४६० वर तेच २०७ होतात. महिन्याला तीन हजारांहून जास्त फरक, तोही आयुष्यभराचा.

खरं वेतन काय हा वाद कर्मचारी विमा न्यायालयात नेता येतो. पण रोखीचा पुरावा म्हणजे मुकादमाची वही आणि सहकाऱ्यांची साक्ष. तीच दोन शपथपत्रं टिकवून धरायला आम्ही धडपडत होतो. रोखीची चौकशी लागली असती तर संपूर्ण शेडची रोख बंद होण्याची भीती होती. तात्यांनी हा वाद उकरून काढायला नकार दिला. "माझ्यापायी पोरांचा शनिवार नको बुडाय." हा निर्णय त्यांचा होता आणि त्याचा मान ठेवला. पण रोखीतल्या मजुरीनं कामगाराचं नुकसान कधी होतं ते इथे दिसतं: हातपाय धड असेपर्यंत ती फायद्याची वाटते, अंगाला काही झालं की तिचा हिशोब कुठेच नसतो.

मंडळ, आणि तीस टक्के

विशेष मंडळानं सिलिकोसिस मान्य केला. व्यावसायिक रोग हेही मान्य केलं. कमाईच्या क्षमतेचं नुकसान तात्पुरत्या निकालानं ३० टक्के ठरवलं, एका वर्षासाठी. म्हणजे रोजचे १२४ रुपये, महिन्याला सुमारे ३७०० रुपये, आणि मागची थकबाकी.

ऐकून तात्यांना आनंद झाला. आम्हाला तो आकडा खटकला. बोट, हात, डोळा गेला तर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ठराविक टक्के दिलेले आहेत. फुप्फुसासाठी तसा तक्ता नाही. मंडळाला कमाईची क्षमता बघायची असते, नुसती शरीराची नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात कोपराच्या वर हात तोडावा लागलेल्या सुताराचं नुकसान पूर्ण धरलं होतं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. सातवी शिकलेला, आयुष्यभर वजन उचलून जगलेला माणूस धापेनं शंभर पावलांवर थांबत असेल, तर त्याची सत्तर टक्के कमाई शिल्लक कुठे उरली?

निर्णयाविरुद्ध तीन महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट विमा न्यायालयात जाता येतं. बराच खल झाला. अपील केलं तर ईएसआय महामंडळही आपली बाजू मांडणार, आणि इतक्या कष्टानं मान्य झालेलं निदानच पुन्हा उघडं पडण्याचा धोका. उलट निकाल तात्पुरता असल्यामुळे वर्षानं फेरतपासणी होणारच होती. अपील करायचं नाही, वर्षभरात पुरावा पक्का करायचा, असं ठरलं. मंडळासमोरची पहिली तपासणी बसल्याजागी फुंकर मारून झाली होती. त्या वर्षात डॉक्टरांनी सहा मिनिटं चालवून रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी केली. चालताना पातळी घसरत होती, आणि हे बसलेल्या माणसात दिसत नाही. आधी कोणतं काम करायचे, आता कोणतं जमतं, याची साध्या भाषेतली नोंद तयार केली.

मधल्या काळात कंपनीनं गेटवर बसायचं काम देऊ केलं. शेडपासून लांबच्या गेटवर, अशा अटीवर ते घेतलं. काही महिन्यांनी रात्रपाळी झेपेना म्हणून सोडलं.

फेरतपासणीत ५० टक्के ठरले, अंतिम. महिन्याला सुमारे ६२०० रुपये.

यावर अपील करावं असं माझं मत होतं, आणि आजही आहे. सत्तरच्या पुढचा आकडा मागायला कागद पुरेसे होते. तात्या म्हणाले, "आता मंडळ नको, तारखा नको." मुलाला नोकरी लागली होती आणि त्यांना दर तारखेचा प्रवास सोसवत नव्हता. तीन महिन्यांची मुदत निघून गेली.

सध्याची स्थिती

पेन्शन दरमहा बँकेत जमा होते. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो, ते काम मुलगा बघतो. कायम अपंगत्वामुळे नोकरी सुटलेल्या विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. ते भरलेले आहेत.

निकाल अंतिम असला तरी कलम ५५ प्रमाणे प्रकृती अनपेक्षितपणे आणि मोठ्या प्रमाणात बिघडली तर मंडळाकडून पुनर्विलोकन मागता येतं, साधारणपणे पाच वर्षांनंतर. सिलिकोसिस वाढतच जातो, त्यामुळे 'अनपेक्षित' या शब्दावर वाद होईल हे उघड आहे. दरवर्षी तोच एक्स-रे, तीच श्वासाची तपासणी एकाच ठिकाणी करून घ्यायची आणि फाइलला लावायची, एवढं आत्तापासून चालू ठेवलं आहे. हे प्रकरण १९४८ च्या ईएसआय कायद्याखालचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आहे. व्यावसायिक रोगांची तिसरी अनुसूची तिच्यातही आहे, पण वर दिलेले कलमांचे क्रमांक नव्या दाव्यात जसेच्या तसे वापरू नयेत.

वेगळं काय करता आलं असतं

२०१८ च्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'कामगार' लिहिलं होतं. तिथे 'फौंड्रीत फेटलिंग, अनेक वर्षं' असं लिहिलं गेलं असतं तर निदान तीन वर्षं आधी झालं असतं आणि तीन वर्षांची धूळ छातीत गेली नसती. पेन्शनच्या कितीही टक्क्यांनी ती भरून निघत नाही. औद्योगिक वसाहतीजवळच्या दवाखान्यात खोकल्याच्या रुग्णाला हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम विचारावं. कामगारानंही 'कंपनीत आहे' न म्हणता, हातानं काय करतो ते सांगावं आणि ते कागदावर आलं का हे पाहावं.

पहिल्या दोन कारखान्यांचा एकही कागद नव्हता. जुना गेटपास, बोनसची चिठ्ठी, ठेकेदाराची पावती यातलं काहीही चाललं असतं. अनुसूचीचा 'क' भाग सगळ्या मालकांकडचा काळ मोजू देतो, पण तो दाखवता आला पाहिजे.

भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतला अपंगत्वाचा दावा आता ५० टक्क्यांच्या निकालानंतर दाखल केला आहे. तो नोकरी चालू असतानाच, निदानाच्या कागदासह टाकला असता तर 'नोकरीत असताना अपंगत्व आलं का' हा आज निघालेला प्रश्न निघाला नसता.

त्याच शेडमधले, ज्यांनी शपथपत्रं दिली होती, ते दोघंही नंतर छातीची तपासणी करून गेले. एकाच्या एक्स-रेवर तशाच गाठी आहेत. त्याचं वय ३४ आहे, आणि त्याच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी कामाचं नाव लिहिलं गेलं आहे.

काकूंकडे आता जाड फाइल आहे. सिलिकोसिसमुळे मृत्यू झाला तर अवलंबितांना वेगळा लाभ असतो आणि पत्नीचा वाटा पूर्ण दराच्या तीन पंचमांश असतो. पण मृत्यूचं कारण तेच होतं हे तेव्हा दाखवावं लागतं. हे तात्यांसमोर कसं बोलायचं, याची आम्हाला काळजी होती. विषय त्यांनीच काढला आणि मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी काय लिहायला हवं ते काकूंना समजावून सांगा म्हणाले. फाइलच्या पहिल्या पानावर ते आता लिहून ठेवलं आहे.